चकमकीचा दगड घडवायचं किट: काय ठेवावं, काय बदलावं

इंग्लंडात अश्मयुगीन हत्यारं घडवायला शिकणाऱ्यांसाठी तयार किट मिळतं. पेटीत दोन-तीन किलो फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड, एक गोटा, हरणाच्या शिंगाचा हातोडा, तांब्याच्या टोकाची दाबणी (कडेवर दाबून बारीक कपच्या काढायचं हत्यार), चामड्याचा तुकडा, घासायचा दगड, गॉगल, हातमोजे आणि माहितीचं पत्रक असतं. दुकानाचं नाव इथे देत नाही. बहुतेक विक्रेत्यांच्या पेटीत थोड्याफार फरकाने हाच माल असतो, त्यामुळे एकाची तारीफ किंवा तक्रार करून वाचकाचा फायदा नाही. पाहायचं आहे ते एवढंच, की उत्तर इंग्लंडातल्या पेनाइन डोंगरमाळांवर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीखाली, जी इवलीशी पाती सापडतात, ती या किटाने घडवता येतात का.

हीच कसोटी लावायचं कारण आहे. लीड्स, हडर्सफील्ड, मँचेस्टर भागातली बरीच मराठी मंडळी शनिवार-रविवारी मार्सडनच्या माळावर चालायला जातात. पायवाटेच्या कडेला, पीट धुपून उघड्या पडलेल्या फिकट वाळूत नखाएवढी पांढुरकी कपची दिसते, आणि ती माणसाने घडवलेली की नुसता दगडाचा तुकडा, हे कळत नाही. स्वतः शंभरेक पाती काढून पाहिली की हा प्रश्न सुटतो. डोळा तयार होतो तो हातामुळे. किटाचा खरा उपयोग हा आहे. भिंतीवर लावायला बाणाचं टोक करणं ही त्यापुढे किरकोळ गोष्ट.

निकाल आधीच सांगतो. शिंग आणि चामडं उत्तम. दगड चांगला, पण शिकायला जरा जास्तच चांगला. गोटा या कामाला जड. दाबणी शेवटच्या टप्प्यापुरती. गॉगल बदला. पत्रक बाजूला ठेवा, कारण ते चुकीच्या वस्तूकडे नेतं.

पत्रकाची गोष्ट आधी उरकू. त्यात पहिल्या चित्रापासून हातकुऱ्हाड आणि मग काटेरी, दांडीचं बाणटोक दाखवलेलं आहे. ते बाणटोक ब्रिटनमध्ये आरंभीच्या कांस्ययुगातलं, आणि माळांवर तेही अधूनमधून मिळतं. पण पीटच्या तळाशी, खनिज मातीच्या पृष्ठावर जे ढिगाने मिळतं ते मध्याश्मयुगाचं, ब्रिटनच्या हिशेबात साधारण इ.स.पू. ९६०० ते ४००० या काळातलं. ते काम पात्यांचं आहे. गाभ्यावरून, म्हणजे तासून तयार केलेल्या गोळ्यावरून, लांबट, सरळ कडांची पाती काढायची, ती मोडायची, एक कड बोथट करायची आणि लाकडी दांड्यात डिंक-राळेने बसवायची. या कालखंडाच्या उत्तरार्धातल्या पात्यांची रुंदी बहुधा ८ मिलिमीटरच्या आत, लांबी १० ते २५ मिलिमीटर. मार्च हिल, वॉरकॉक हिल ही मार्सडनजवळची ठिकाणं याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. फ्रान्सिस बकली यांनी १९२० च्या दशकात तिथे पद्धतशीर उत्खननं केली. हातकुऱ्हाडीचं काम आणि पात्यांचं काम यांत सुतार आणि सोनार यांच्या कामाइतका फरक आहे, आणि पत्रकात सुतारकीच शिकवली आहे.

फ्लिंट

पेटीतला दगड बहुधा नॉरफोक-सफोकच्या सीमेवरच्या ब्रँडन भागातला असतो. बाहेर पांढरी, खडूसारखी जाड साल आणि आत काळाभोर, काचेसारखा. दर्जात खोट नाही. घ्यायच्या आधी, निदान फोडायच्या आधी, प्रत्येक गोळा दोरीत टांगून किंवा बोटांवर अलगद तोलून दुसऱ्या दगडाने टिचका मारून पाहावा. माठ घेताना आपण वाजवून पाहतो, अगदी तसंच. ठणठणीत वाजला तर आत सलग आहे, बद्द वाजला तर आत थंडीची चीर आहे. चिरेचा गोळा कितीही कौशल्याने मारा, तो त्या चिरेवरच दुभंगतो, आणि नवशिक्याला वाटतं की आपलंच चुकलं. एका पेटीत तीनपैकी एक गोळा बद्द निघाला तरी नवल मानू नये. बदलून मिळत असेल तर लगेच मागावा.

दगड ‘जास्तच चांगला’ म्हणण्याचं कारण वेगळं आहे. पेनाइनच्या माळावर खाली मिलस्टोन ग्रिट, म्हणजे खरबरीत वालुकाश्म आहे. तिथे फ्लिंट निसर्गतः नाहीच. तिथे सापडणारा प्रत्येक तुकडा कुणीतरी वाहून वर आणलेला आहे. एक प्रकार करडा-पांढरा, अपारदर्शक, यॉर्कशर वोल्ड्सच्या खडूच्या टेकड्यांमधला. त्या मार्सडनहून ऐंशी किलोमीटरहून जास्त अंतरावर. दुसरा तपकिरी किंवा मधासारखा, थोडा पारदर्शक, हिमनद्यांनी पूर्वेच्या बाजूला आणून टाकलेल्या गाळातला. त्याचे गोटे लहान, अंडं-लिंबाएवढे. शिवाय चुनखडीच्या प्रदेशातला काळा चर्ट, फ्लिंटच्याच जातीचा दगड. वोल्ड्सचा दगड ब्रँडनपेक्षा हट्टी, आत खडूचे ठिपके, आणि मध्येच अडतो. ब्रँडनच्या काळ्या दगडावर पाती सहज निघतात म्हणून खूश झालेला माणूस करडा गोटा हातात घेतला की पहिल्या दहा मिनिटांत नाउमेद होतो. म्हणून विक्रेत्याकडे करडा वोल्ड्स फ्लिंट वेगळा मिळत असेल तर एक किलो जास्त घ्यावा, आणि सुरुवात काळ्यावर करून आठवड्याभरात करड्यावर जावं. लहान गोट्यावर काम करताना जी काटकसर आपोआप करावी लागते, तीच माळावरच्या लोकांनी केली. इंचभर उरलेल्या गाभ्यावरूनही त्यांनी पाती काढली, कारण दुसरा दगड दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होता.

उत्पन्नाचा अंदाज हवा असेल तर, तीन किलोतून नवशिक्याला दहा-पंधरा बरी पाती मिळाली तरी ती कमाई समजावी. बाकी सगळा चुरा आणि जाड कपच्या. सराव झाला की हे प्रमाण झपाट्याने सुधारतं.

हातोडे

पेटीतला गोटा क्वार्टझाइटचा, सहाशे ग्रॅमच्या आसपास, मुठीत मावणारा. गोळा दुभंगायला आणि सालीचे मोठे टवके उडवायला तो ठीक. पात्यांसाठी मात्र निरुपयोगी. जड आणि कडक गोटा आघाताच्या जागी दगडाचा भुगा करतो, आणि कपचीच्या आतल्या अंगाला, मार बसलेल्या टोकापाशी, मोठा फुगवटा येतो. पातं जाड आणि वाकडं होतं. या कामाला ८० ते १५० ग्रॅमचा, लांबट, मऊ वालुकाश्माचा किंवा चुनखडीचा गोटा हवा. किनाऱ्यावर किंवा नदीत सापडतो, विकत घ्यायची गरज नाही. निवडताना तोच टिचका मारायचा. गोट्याला आधीपासून चीर असेल तर तो ऐन फटक्यात हातात फुटतो.

शिंगाचा हातोडा ही या पेटीतली सर्वांत मोलाची चीज. लाल हरणाच्या शिंगाचं मूळ, जिथे ते डोक्याला जोडलेलं असतं तो गाठीचा भाग, हातोड्याचं तोंड. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या घरात, लांबी वीत-सव्वा वीत. तोंड घट्ट आहे ना, हे अंगठ्याचं नख रोवून पाहावं. आत स्पंजासारखी जाळी दिसत असेल तर ते शिंग टोकाकडचं आहे, लवकर झिजेल. शिंग दगडापेक्षा मऊ असल्यामुळे ते कडेला क्षणभर धरून ठेवतं आणि मग ओढून सोडतं. त्यामुळे पातं पातळ सुटतं, फुगवटा सपाट राहतो आणि आघाताच्या टोकाशी एक बारीक ओठ तयार होतो. तो ओठ नखाला जाणवतो. सापडलेल्या पात्यावर असा ओठ लागला तर मऊ हातोडा वापरला असण्याची शक्यता बरीच, हे हातानेच शिकता येतं. तोंडात रुतलेले फ्लिंटचे कण दर अर्ध्या तासाने काढावेत. राहू दिले तर मऊ हातोडा कडक हातोड्यासारखा वागायला लागतो.

घासायचा दगड म्हणून सहाणेच्या चाकाचा तुकडा दिलेला आहे. चालतो. सहा महिन्यांत त्यात खोल चर पडतात, मग खरबरीत वालुकाश्म वापरावा.

पाती काढताना

पहिलं काम म्हणजे गोळ्याच्या एका टोकाचा टवका उडवून सपाट माथा मिळवणं. हा माथा आणि ज्या बाजूवरून पातं सुटायचं ती बाजू, यांच्यातला कोन ७० ते ८० अंश असावा. नव्वदच्या पुढे गेला की काहीच सुटत नाही, नुसता भुगा होतो. शिकणाऱ्यांची निम्मी निराशा या एका कोनामुळे असते. कोन डोळ्याला कळत नसेल तर पुठ्ठ्याचा ७५ अंशाचा तुकडा कापून जवळ ठेवावा.

दुसरं, बाजूवर एक उभी, सरळ धार हवी. दगडाची फूट त्या धारेला धरून खाली जाते. जशी धार, तसं पातं. गोळ्याला नैसर्गिक धार नसेल तर दोन्ही बाजूंनी आडवे टवके काढून ती तयार करायची. पहिलं पातं मग त्या आडव्या टवक्यांचा कंगोरा अंगावर घेऊन सुटतं. महाराष्ट्रात इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनीही पाती याच युक्तीने काढली. तिथे दगड कॅल्सेडनीचा, म्हणजे अकीकाच्या जातीचा आहे, पण कंगोऱ्याचं पहिलं पातं पाहिलं की हात ओळखता येतो.

तिसरं, घासणं. माथ्याच्या कडेला मागच्या टवक्यांमुळे नाजूक छज्जा राहतो. तो घासून मोडायचा, कड खरखरीत आणि किंचित गोल करायची. प्रत्येक फटक्याआधी. दोनदा घासा, एकदा मारा, हा हिशेब धरला तर चूक होत नाही. छज्जा ठेवून मारलं तर मार छज्ज्यातच विरतो.

मग गाभा डाव्या हातात, मांडीवरच्या जाड चामड्यावर अलगद टेकवून धरायचा. घट्ट आवळला तर पातं मध्येच मोडतं, अगदी मोकळा सोडला तर हातातून निसटतो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, धारेच्या बरोबर मागे, शिंगाने मारायचं. मार खालच्या दिशेला, बाजूच्या समांतर. गाभ्याच्या पोटात मारायचा मोह होतो, तो टाळायचा. मनगट सैल, फटका झटक्याचा, पण जोर बेताचा.

बिघाड ओळखायला तीन खुणा पुरेत. पातं मधेच थांबून गाभ्यावर पायरी उरली तर जोर कमी पडला किंवा बाजू फार सपाट होती. टोक गोल वळून वर आलं, जिभेसारखं, तर मार बाहेरच्या अंगाला गेला. पात्याने गाभ्याचा तळच उचलून नेला तर जोर जास्त, किंवा मार फार आत. पायरी पडली की तिथेच पुन्हा पुन्हा मारू नये. दुसरी पायरी पहिलीवर बसते आणि गाभा वाया जातो. गाभा उलटा करून खालच्या टोकावरून पाती काढत यावं, म्हणजे पायरी अलगद निघून जाते. माथाच बिघडला असेल तर बाजूने एक आडवा फटका मारून माथ्याची अख्खी चकती उडवायची. ती गोलाकार, कडेला पात्यांच्या खाचा असलेली चकती माळावरच्या संग्रहांतही असते. किट वापरलेल्या माणसाला ती एका नजरेत कळते. न वापरलेला तिला साधा तुकडा समजतो.

पातं मोडण्याची कळ

पत्रकात या गोष्टीचा एक शब्दही नाही, आणि हीच त्यातली सर्वांत मोठी उणीव. पात्यावरून सूक्ष्मास्त्र, म्हणजे दांड्यात बसवायचं इवलंसं हत्यार, करताना पातं नुसतं हाताने मोडत नाहीत. आघाताच्या टोकाजवळ, एका कडेला, छोटी खाच पाडतात. मग पातं ऐरणीच्या धारेवर आडवं ठेवून खाचेपाशी दाबतात. ते तिरकं मोडतं. एक तुकडा हत्याराचा, त्याला तिरकं, टोकदार टोक मिळतं. दुसरा, फुगवट्याचा, टाकाऊ. त्या टाकाऊ तुकड्यावर अर्धी खाच आणि तिरका मोडलेला चेहरा असतो. याला मायक्रोब्युरिन म्हणतात. नावात ब्युरिन, म्हणजे कोरणी, असली तरी तो कोरायचं हत्यार नव्हे, नुसता टाकाऊ तुकडा.

ही वस्तू इतकी महत्त्वाची का? पातं फेकलं किंवा हरवलं तर ते कुठेही पडतं, शिकारीत बाणाबरोबर लांबही जातं. मायक्रोब्युरिन मात्र घडवलं तिथेच पडतं. माळावर एका चौरस मीटरात तीन मायक्रोब्युरिन असतील तर कुणीतरी तिथे बसून बाण जुळवत होतं, एवढं त्यावरून म्हणता येतं.

पेटीत ऐरण नाही. बाभळीचा ठोकळा किंवा काटकोनी धारेचा कठीण दगड चालतो. खाच पाडायला तांब्याची दाबणी थोडी जाड पडते. फ्लिंटची दुसरी कपची धरून कडेवर दाबत, कुरतडत गेलं तर खाच अधिक नेटकी होते. खाच पात्याच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत जाऊ द्यावी. त्याहून उथळ राहिली तर पातं खाचेऐवजी भलतीकडे मोडतं. दहातले सहा-सात तुकडे हवे तसे मोडायला लागले की हात बसला असं समजावं.

त्यानंतर एक कड बोथट करणं. पातं ऐरणीवर ठेवून आतल्या सपाट अंगावरून वरच्या अंगाकडे, बारीक बारीक दाबत, कड जवळजवळ उभी करायची. ही बोथट कड दांड्यातल्या राळेत बसते, धारदार कड बाहेर राहते. राळ आणि मेण साधारण तीनास एक, त्यात कोळशाची बारीक पूड घालून गरम केली की डिंक तयार. मेण कमी पडलं तर थंडीत तो तडकतो, जास्त झालं तर उन्हात सुटतो. स्वीडनमध्ये लोशुल्ट इथे सूक्ष्मास्त्रं राळेने चिकटवलेला लाकडी बाण सापडला आहे, तेव्हा पाती कशी बसवत हा केवळ तर्क नव्हे.

तांब्याच्या दाबणीला इथे थोडंसंच काम आहे. पण आरंभीच्या कांस्ययुगातल्या बाणटोकांसारखी वस्तू करायची असेल तर तिचं मूठभर लाकूड आणि तांब्याचं बोथट टोक अगदी योग्य आहे. टोक रोज कानशीने तिरकं घासावं. बोथट झालं की ते घसरतं, आणि घसरलेली दाबणी थेट डाव्या तळव्यात जाते. चामड्याच्या खाली रबराचा तुकडा ठेवला तर तळवा वाचतो.

गॉगल, धूळ आणि कचरा

पेटीतले गॉगल स्वस्तातले आहेत, बाजूला मोकळे. कपची सरळ डोळ्यात क्वचितच येते, ती गालावरून उसळून बाजूने येते. म्हणून चारही बाजू बंद असलेले, ईएन १६६ मानकाचे, आघातासाठीची खूण असलेले गॉगल घ्यावेत. हातमोजे डाव्या हाताला जाड, उजव्याला नको. पायात बंद बूट. अनवाणी किंवा चपलांवर हे काम करू नये. फ्लिंटची ताजी धार शस्त्रक्रियेच्या पात्याइतकी तीक्ष्ण असते आणि जमिनीवर पडलेली कपची उभी रुतते.

धूळ मात्र सर्वांत गंभीर. फ्लिंट म्हणजे स्फटिकी सिलिका, आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की ती निघत नाही. गुजरातेत खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा जुना, सर्वज्ञात रोग आहे. घरात, गॅरेजमध्ये, बंद पडवीत दगड कधीच फोडू नये. उघड्यावर, वारा बाजूने येईल असं बसावं. एफएफपी३ दर्जाचा मुखपट्टा बांधावा, भारतात निदान एन९५. काम झाल्यावर झाडू फिरवू नये, आधी पाणी शिंपडावं. कपडे झटकू नयेत, ओल्या फडक्याने पुसून वेगळे धुवावेत. पत्रकात यावर दोन ओळी आहेत आणि त्या शेवटच्या पानावर आहेत. त्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत हव्या होत्या.

कचऱ्याबद्दल तर पत्रक काहीच बोलत नाही. एका दुपारच्या कामात हजारभर बारीक कपच्या सहज पडतात. त्या जर माळावर, जंगलात किंवा नदीकाठी राहिल्या तर आपण एक खोटं पुरातत्त्वीय स्थळ तयार करून ठेवतो. शंभर वर्षांनी ते खरं समजलं जाईल. म्हणून दोन बाय दोन मीटरची ताडपत्री अंथरूनच बसायचं, उठताना ती चारही टोकांनी उचलून सगळा माल डब्यात ओतायचा. डब्यावर वर्ष आणि ‘आधुनिक’ असं लिहायचं. पुरावंच लागलं तर डब्यात चालू सालाचं नाणं आणि काचेचा तुकडा टाकावा. घडवलेली पाती कुणाला भेट देताना त्यावरही पक्क्या शाईने वर्ष लिहावं.

माळावर काही दिसलं तर

किट वापरून झालं की पुढच्या फेरीत नजरेला वस्तू दिसायला लागतात. दिसल्या की उचलायच्या नाहीत. मार्सडनचा माळ नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिथे खणणं किंवा वस्तू नेणं परवानगीशिवाय चालत नाही. संरक्षित स्मारक म्हणून घोषित जागी विनापरवाना खोदकाम हा १९७९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. जागचं अचूक स्थान नोंदवावं, शेजारी नाणं ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, हिच्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवावं. ही व्यवस्था १९९७ मध्ये काही भागांत सुरू झाली, २००३ पासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये आहे आणि सेवा मोफत आहे.

पीट आम्लधर्मी असल्यामुळे हाड आणि शिंग तिथे बहुधा विरघळून जातं, उरतो तो दगड. त्यामुळे एक कपची हलवली तरी जे काही उरलं आहे त्यातलं बरंच जातं. जुन्या पात्यावर निळसर-पांढरा थर असतो, ताज्या फटीत मात्र आतला काळा किंवा तपकिरी रंग दिसतो. कडेला असा ताजा, चकाकता ओरखडा असेल तर तो बुटाने किंवा शेळी-मेंढीच्या खुराने पडलेला असू शकतो. जळालेली कपची करडी-पांढरी पडते आणि तिच्यावर मातीच्या सुकलेल्या तळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. तिथे चूल असावी, असा तो इशारा आहे.

महाराष्ट्रातून मागवायचं असेल तर

इथे सरळ सल्ला: पूर्ण पेटी मागवू नका. वन्यजीव कायदा, १९७२ खाली आपल्याकडे सांबर-चितळाचं शिंग, अगदी गळून पडलेलंसुद्धा, बाळगणं आणि विकणं अडचणीचं आहे, आणि परदेशी हरणाचं शिंग टपालाने येताना सीमाशुल्कात अडकतं. फ्लिंटचं वजन वाहतुकीत महाग पडतं. पेटीतल्या प्रत्येक वस्तूला इथे पर्याय आहे.

दगड म्हणून दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेली कॅल्सेडनी. भीमा, घोड, गोदावरीच्या खोऱ्यात गोटे मिळतात. आपल्या पठारावरच्या सूक्ष्मास्त्रांचा नेहमीचा दगड हाच. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननातही अशा दगडाची पाती आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. गोटा निवडताना आत स्फटिकांची पोकळी नाही ना, हे वजनावरून आणि वाजवून पाहावं. पोकळ गोटा हलका लागतो आणि त्या पोकळीपाशी प्रत्येक पातं मोडतं. जुन्या वस्तू मात्र कच्चा माल म्हणून कधीच वापरू नयेत. अशी जागा सापडली तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवावं.

कॅल्सेडनी फ्लिंटपेक्षा चिवट. ती नरम करायची रीत खंभातच्या कारागिरांची, म्हणजे मडक्यात घालून मंद आचेवर तापवणं. वाळूत पुरून, तासाला २५ ते ३० अंशांनी चढवत, २५० ते ३०० अंशांपर्यंत न्यावं, तीन-चार तास ठेवावं आणि भट्टी बंद ठेवूनच गार होऊ द्यावं. दगड आधी आठवडाभर उन्हात सुकवला नाही तर आतलं पाणी वाफ होऊन तो फुटतो, आणि झाकणासारख्या गोल चकत्या उडतात. घाई करून गरम असताना उघडला तरी तेच. नीट तापलेला दगड फोडल्यावर आतून मेणासारखा चकाकतो.

हातोड्यासाठी खंभातचीच युक्ती. तिथले कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतात आणि बारीक दांडीला लावलेल्या म्हशीच्या शिंगाच्या गोट्याने हलकेच मारतात, मार शिंगाकडून, टवका टोकाकडून. म्हशीचं शिंग कायदेशीर आहे, सहज मिळतं. बाभळीचा किंवा खैराचा सोटा हाही पात्यांना चालतो, फक्त तोंड लवकर चेचतं. दाबणीसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली ८ गेजची अर्थिंगची तांब्याची तार बांबूच्या मुठीत घट्ट बसवली की काम होतं.

इंग्लंडात राहणाऱ्यांनी मात्र पूर्ण पेटी घेण्यापेक्षा विक्रेत्याकडून शिंग, चामडं आणि फ्लिंट सुटं मागवावं. गोटा किनाऱ्यावरून, गॉगल आणि मुखपट्टा हार्डवेअरच्या दुकानातून. उरलेला फ्लिंट डिसेंबर-जानेवारीत बागेत उघडा ठेवू नये. सालीतून मुरलेली ओल रात्री गोठते, आणि मार्चमध्ये तोच गोळा वाजवला की बद्द वाजतो. घरात आणावा, किंवा पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा.